मधली वायर

दानियल गावित कुणाला नाही म्हणू शकत नसे, आणि ही गोष्ट तो सोडून पाड्यातल्या सगळ्यांना पक्की ठाऊक होती. खांडबाऱ्याच्या बाजारात त्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, यात त्याची पंचवीस वर्षं गेली. संध्याकाळी दुकान बंद करून तो मोटारसायकलवर सात किलोमीटर वर पाड्यात येई, तर वाटेत निदान चार घरं त्याला हात दाखवून थांबवत. कुणाचा पंखा फिरत नसे, कुणाच्या मिक्सरला जळका वास येत असे. हा भला माणूस प्रत्येक ठिकाणी उतरे. लिडिया दारात उभी राहून वाट बघे आणि तो आला की म्हणे, "आज कोणाचं लग्न लावून आलास?"

लिडियाचं ते दारात उभं राहणं दोन वर्षांपूर्वी बंद झालं. तिला टीबी झाला होता. औषधं तिने नेमाने घेतली, एक गोळी चुकवली नाही, टीबी बरा झाला. पण जाता जाता फुप्फुसं खाऊन गेला. चुलीपासून दारापर्यंत चालली तरी तिला दम लागे, ओठ निळसर पडत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मुलगी प्रिस्किला सुरतेला नर्स आहे, तिने खटपट करून ते मिळवलं. मशीन हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेई, नाकात नळी घालून पडून राहायचं, एवढंच. पण त्याला लाईट लागे, आणि डोंगरातली लाईट वारा आला तरी जाई. लाईट गेली की मशीन एक लांब शिट्टी मारून गप्प होई. मग कोपऱ्यातला सिलिंडर उघडायचा. तो संपला की नवापूरहून दुसरा मोटारसायकलला बांधून आणायचा, आणि आणेपर्यंत दानियलचा जीव टांगणीला लागलेला असे.

शेवटी त्याने ठरवलं की घरात बॅटरीच बसवायची, आणि तीसुद्धा लिथियमची, जी वर्षानुवर्षं दगा देणार नाही. नंदुरबारला मिथुन नावाचा एक कारागीर ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बांधतो. दानियलची त्याच्याशी जुनी ओळख. मिथुनने आठ सेल काढून टेबलावर मांडले. निळे, जाडजूड विटेएवढे, एकेक पाच-साडेपाच किलोचा.

"दोन रस्ता शेतस, भाऊ," मिथुन म्हणाला. "आठी एकना मांगे एक लावा, तर चोवीस व्होल्टना एक मोठा डबा. नहीते चार-चारना दोन डबा करा, बारा-बारा व्होल्टना. माल तेवढाच शे. लावानी तऱ्हा येगळी."

"मशीन किती वेळ चालेल?"

"मोठा डबावर अठरा-वीस तास. दोन करशात तर एकेकवर नऊ तास. एक डबा बंद पडना तरी दुसरा ऱ्हास."

मग त्याने एक हिरवी पाटी दाखवली. तिला बीएमएस म्हणतात, आणि तिचं काम पहाऱ्याचं. आठांपैकी एकही सेल गरजेपेक्षा जास्त भरला की ती भरणं थांबवते, एकही सेल रिकामा झाला की सगळा डबा बंद करते. मिथुनने चौथ्या आणि पाचव्या सेलच्या मधोमध बोट ठेवलं. "एकच ध्यानमा ठेव. मोठा डबा करशी तर मझारथून वायर काढानी नही. आठी सेलस्ले सारखंच भरनं पाहिजे, सारखंच रितं व्हयनं पाहिजे. चार सेल कोणले देशी, तर त्या मांगे पडतीन. मंग एक उपाशी ऱ्हायना का सगळा डबा बंद. समजनं का?"

दानियलला समजलं. आयुष्यभर विजेशी खेळलेला माणूस, त्याला न समजायला काय झालं.

घरी येऊन त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही आकृत्या काढल्या आणि लिडियाच्या खाटेवर ठेवल्या. एक डबा की दोन, हे तिला विचारून ठरवायचं, असं तो वाटभर मनाशी म्हणत आला होता. खरं तर त्याचं ठरलेलं होतं.

लिडियाने दोन्ही चित्रं बघितली. "दोन कर," ती म्हणाली.

"का? बारा व्होल्टवर करंट दुप्पट होतो. वायर तापते, फुकट जातं. शिवाय पहिला संपला की पिन काढून दुसऱ्यात कोण घालणार? मी दुकानावर, तू उठायचं नाहीस."

"पिन मी काढीन. तेवढी मेली नाही मी अजून."

"चोवीसच बरोबर आहे, लिडिया. गणितच तसं आहे."

"गणित तुझं बरोबर असेल." ती थोडं थांबली, श्वास गोळा केला. "पण तू तसा नाहीस ना. उद्या कोणी मागायला येईल, आणि तू देशील. दोन असले तर एकातलं देशील. एकच असला तर माझ्यातलं देशील. म्हणून म्हणते, माझं वेगळं कर."

दानियलला हे लागलं. "दोन दिसले की लोक एक मागणारच," तो म्हणाला. "एकच असला, तुझ्या मशीनचा, तर कोणाची मागायची छाती होईल? आठच्या आठ तुझे. एकही कोणाचा नाही."

हे तो मनापासून बोलत होता, आणि बोलताना त्याचे डोळे भरून आले होते. लिडियाने त्या डोळ्यांकडे बघितलं आणि वाद सोडून दिला.

दसऱ्याच्या आसपास डबा बसला. मिथुन स्वतः आला, आठ सेल चार-चारच्या दोन ओळींत उभे केले, तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडले, वर हिरवी पाटी बसवली, बाजूला इन्व्हर्टर. दानियलच्या मोबाईलमध्येही त्याने काहीतरी टाकून दिलं. डब्याजवळ उभं राहून उघडलं की आठ सेलांचे आठ उभे खांब दिसत, कोण किती भरलाय ते कळे. आठही एका उंचीचे. लाईट असली की डबा लाईटवर भरे, लाईट गेली की मशीन आपोआप डब्यावर जाई. शिट्टी वाजत नसे. पहिल्यांदा लाईट गेली आणि मशीन चालूच राहिलं, तेव्हा लिडिया खाटेवर उठून बसली आणि हसली. त्या आठवड्यात दानियलने कोपऱ्यातला सिलिंडर नवापूरला परत करून टाकला. आता त्याची गरज काय, असं त्याला वाटलं.

नोव्हेंबर लागता लागता बिबट्या आला.

पाड्याखाली, दानियलच्या घरापासून शंभरेक पावलांवर, रमीबाईची झोपडी आहे. वनपट्ट्याची जमीन, तिथे मीटर नाही की खांब नाही. रमीबाईचा नवरा रूपसिंग गेल्याला चार वर्षं झाली. मुलगी-जावई दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि चार वर्षांची नात म्हातारीजवळ ठेवून गेले. कधीकाळी सरकारी योजनेतून मिळालेला सोलरचा दिवा दारावर लटकत होता. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती, बल्ब तेवढा शाबूत होता. बिबट्याने तिच्या अंगणातून कुत्रं उचललं. दोन दिवसांनी गोठ्याच्या कुडाला नखांचे ओरखडे दिसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रमीबाई नातीला कडेवर घेऊन दानियलच्या ओट्यावर येऊन बसली.

त्या डोंगरात एक रीत आहे. चुलीतला विस्तव विझला तर बाईने फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन शेजारी जायचं, आणि शेजारणीने तिला निखारे घालून द्यायचे. भांडण असलं, बोलणं बंद असलं, देव वेगळा असला, तरी विस्तवाला नाही म्हणायचं नाही. परत कधी देणार हेही विचारायचं नाही. घराघरात काडेपेटी आली, गॅस आला, तरी ही रीत माणसांच्या अंगात राहिली आहे. रमीबाई डोंगरदेवाला मानणारी आणि दानियलचं घर चर्चला जाणारं. पण दोघांच्या आज्यांनी एकाच चुलीचे निखारे नेले होते.

"दानियल, थोडा उजेड दे," रमीबाई म्हणाली. "दारावरचा दिवा लागला तर तो जनावर जवळ येत नाही म्हणतात. पोरगी रात्रभर माझं लुगडं सोडत नाही."

घरातल्या लाईटची वायर खाली ओढून द्यावी, तर दानियलने तसं कधी न करण्याची शपथ घेतली होती. काही वर्षांपूर्वी डुकरांसाठी शेतात सोडलेल्या उघड्या तारेला चिकटून एक तरुण गेला होता, आणि ती तार काढायला दानियललाच बोलावलं होतं. तेव्हापासून कुणाच्या शेतातून घरच्या लाईटची वायर न्यायची नाही, हे त्याने कानाला खडा लावून ठेवलं होतं. बारा व्होल्टने मात्र माणूस मरत नाही. रमीबाईचा तो जुना बल्बही बारा व्होल्टचाच होता. आणि डब्यात चार सेल मोजले की बरोबर तेवढेच होतात.

तो आत गेला. लिडियाने सगळं ऐकलं होतं.

"दे," ती म्हणाली.

"मिथुनने नको म्हटलंय. पण एवढासा बल्ब आहे, रात्रभरात चिमूटभर जातं. मी असं करतो, एक आठवडा डाव्या चार सेलवरून देतो, एक आठवडा उजव्या चारवरून. दर रविवारी बदलत राहिलो की दोन्हीकडून सारखंच जाईल. हिशोब जुळतो."

"माझ्यातलंच ना शेवटी?" लिडिया म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दे. पोरगी घाबरते. फक्त रविवार विसरू नकोस."

दानियलने दोन ओळींच्या मधल्या जोडावर एक वायर कसली, दुसरी डाव्या टोकाला, आणि सरळ सेलवरून, हिरव्या पाटीला वळसा घालून, दोन्ही वायरी खिडकीतून खाली नेल्या. डब्यावर खडूने लिहिलं, 'डावे', आणि तारीख घातली. त्या संध्याकाळी रमीबाईच्या दारावर दिवा लागला. नात दिव्याखाली नाचली, ते वरून लिडियालाही खिडकीतून दिसलं.

पहिल्या रविवारी दानियलने वायर बदलली. दिवा लागल्यावरच तो हे काम करी, म्हणजे पुन्हा लागला की नाही हे घरातूनच कळे. दोन नट सोडायचे, टोकं फिरवायची, दोन नट कसायचे. खाली दिवा जरासा विझे आणि परत लागे. खडूने 'उजवे' लिहिलं. दुसऱ्या रविवारी परत 'डावे'. मोबाईलमध्ये खांब बघितले, आठही जवळपास सारखे. आपली युक्ती मिथुनला एकदा सांगायला हवी, असंही त्याच्या मनात आलं.

मग नाताळचे दिवस जवळ आले, आणि या दिवसांत दानियल घरचा राहत नसे. चर्चवर कंदिलासारखा मोठा तारा चढवायचा, माळा लावायच्या, कॅरल पार्टीसोबत गावोगाव स्पीकर फिरवायचा, आणि यातल्या प्रत्येक कामाला एकच माणूस. तिसऱ्या रविवारी सकाळी उपासना, मग दोन गावांच्या माळा, मग मीटिंग. तो घरी आला तेव्हा अंधारून आलं होतं. खाटेच्या कडेला बसून तो बूट काढत होता, गुडघे दुखत होते.

"वायर बदललीस?" लिडियाने विचारलं.

एक बूट हातात, एक पायात. उठायचं, पान्हा शोधायचा, वाकायचं. उद्या सकाळी करू, असं त्याने मनात म्हटलं. तोंडाने म्हणाला, "हो."

सकाळी खांडबाऱ्याहून फोन आला, कुणाच्या तरी विहिरीची मोटार अडकली होती. दिवसभर वायर आठवली नाही. संध्याकाळी आठवली तेव्हा एका आठवड्याने काय होतंय, असं वाटलं. पुढच्या रविवारी लिडियाने परत विचारलं. या वेळी हो म्हणणं सोपं गेलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा ते खोटं वाटत नाही, नुसतं उत्तर वाटतं. त्यानंतरच्या रविवारी तिने विचारलंच नाही, आणि दानियलला हायसं वाटलं. मोबाईलमधले खांब बघायचं त्याने सोडूनच दिलं होतं. इन्व्हर्टरच्या तोंडावर चार हिरव्या पट्ट्या दिसत, डबा भरलेला आहे म्हणून. उजवे चार काठोकाठ भरले की हिरवी पाटी भरणं थांबवे आणि पट्ट्या हिरव्या होत. डावे चार दर रात्री थोडे रिते होत गेले होते आणि परत भरायला त्यांची पाळीच येत नव्हती. महिनाभर हे असंच चाललं. लाईट तासा-अर्ध्या तासासाठी जाई आणि येई, तेवढ्यात काही कळायचं कारण नव्हतं.

नाताळाला दोन दिवस राहिले असताना अवकाळी पाऊस आला. भर डिसेंबरात आभाळ काळंनिळं झालं, सोसाट्याचा वारा सुटला आणि दुपारी दीडच्या सुमाराला सागाची एक मोठी फांदी लाईटच्या तारांवर पडली. डोंगराकडची सगळी गावं बंद. दानियल दुकानात होता. लिडियाचा फोन आला. दोन दिवस तिला खोकला होता, आवाज बारीक झाला होता.

"लाईट गेली. मशीन डब्यावर चालू आहे."

"पट्ट्या किती?"

"चारही हिरव्या."

"मग झालं. उद्या सकाळपर्यंत काळजी नाही. मी चर्चवरचा तारा बघून येतो, वाऱ्याने फिरलाय म्हणतात. पाळकांचा दोनदा फोन आला."

"ये मग," ती म्हणाली. "सावकाश ये. रस्ता ओला असेल."

दानियलने दुकान लवकर बंद केलं आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चर्चकडे गेला. तारा खरंच फिरला होता. शिडीवर उभं राहून, पावसात भिजत, त्याने तो सरळ केला, नवीन तारेने बांधला. थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही बंद पडला. फोन लागत नव्हता, पण त्याच्या मनाला काळजी शिवली नाही. वीस तासांचा हिशोब त्याच्या खिशात होता.

साडेपाचला तो निघाला. सूर्य ढगाआडूनच मावळत होता. पाड्याच्या चढावरून शेवटचं वळण घेतलं की डाव्या हाताला खाली रमीबाईची झोपडी दिसते. सगळा पाडा अंधारात होता आणि तेवढा एक दिवा लागलेला होता. थोडा मंद वाटला, पण पावसात मंद दिसणारच. दानियलने सुटकेचा श्वास टाकला. दिवा चालू म्हणजे डबा चालू, डबा चालू म्हणजे मशीन चालू. इतका वेळ घट्ट धरलेलं हँडल त्याने सैल सोडलं.

म्हणूनच इमॅन्युएलने ओट्यावरून हाक मारली तेव्हा तो थांबला. इमॅन्युएल त्याचा चुलतभाऊ, कॅरल पार्टीचा ढोलकवाला. दारापुढे ओला झालेला स्पीकर उघडून बसला होता. "दादा, एवढं बघून जा. उद्या रात्री हाच न्यायचाय." दानियलने मोटारसायकल उभी केली. चहा आला. स्पीकरमधलं पाणी पुसलं, एक सुटलेली तार डाग देऊन जोडली. अर्धा तास गेला असेल. उठताना त्याने परत एकदा खाली बघितलं. दिवा होता.

घरात मशीनचा आवाज नव्हता. ज्या आवाजात दोन वर्षं झोपला आणि उठला, तो नव्हता. मेणबत्तीच्या उजेडात रमीबाई खाटेवर बसली होती, लिडियाचं डोकं तिच्या मांडीवर. दारात शेजारची कालीबाई आणि आणखी दोघी उभ्या होत्या. दानियलने लिडियाचा हात हातात घेतला. हात अजून गरम होता.

"साडेतीनला शिट्टी वाजली," रमीबाई म्हणाली. "अंधारून आलं म्हणून दारावरचा दिवा लावला होता, तशीच पोरीला घेऊन पळत आले. तू कुठे आहेस ते सांगायला तिला श्वास पुरेना. कालीबाईचा नवरा दुकानावर गेला, तुझं दुकान बंद. फोन कोणाचाच लागेना. पाठ चोळली, बसवलं, वारा घातला. खूप दम धरला रे तिने. आत्ता, आत्ता गेली. गाडीचा आवाज खाली ऐकू आला तेव्हा होती. मला म्हणाली, आला. मग तू आला नाहीस."

दानियल खाटेजवळ खाली बसला. त्याला रडू आलं नाही. खिडकीतून खाली रमीबाईच्या दारावरचा दिवा दिसत होता. ती वायर सरळ सेलवरून गेली होती, पाटीच्या पहाऱ्याबाहेरून. डाव्या चारांतला एक रिता झाल्याबरोबर पाटीने मशीन बंद केलं होतं. जे काही तळाशी उरलं होतं, त्यावर तो बल्ब अजून जळत होता.

नाताळाच्या आदल्या दिवशी लिडियाची माती झाली. चर्चवर सरळ केलेला तारा लटकत होता, आणि त्या वर्षी पाड्यात कॅरल पार्टी फिरली नाही. प्रिस्किला सुरतेहून आली, रडून रडून बसली, आणि मग नर्सच्या सवयीने तिने विचारलं, "पप्पा, वीस तास म्हणाला होतात ना?"

"हो," दानियल म्हणाला. त्यापुढचं त्याला सांगता आलं नाही. मशीनच बिघडलं असेल, असं तिचं तिने ठरवलं, आणि चार दिवसांनी ती परत गेली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो उपासनेला गेला नाही. डब्याजवळ जमिनीवर बसला आणि बऱ्याच दिवसांनी मोबाईलमध्ये ते आठ खांब उघडले. उजवे चार वर. डावे चार पार तळाला, दिसतील न दिसतील असे. मग त्याने पान्हा घेतला, मशीनकडे जाणारी वायर काढली, आणि डाव्या-उजव्या ओळींना जोडणारी मधली पट्टी सोडवली. आठाचे चार आणि चार झाले. सुताराकडून आणलेल्या दोन फळकुटी पेट्यांत त्याने ते वेगवेगळे बसवले. कॅलेंडरच्या पाठीवरची आकृती अजून खाटेखाली होती. बघायची गरज पडली नाही.

भरलेली पेटी डोक्यावर घेऊन तो रमीबाईकडे उतरला. एवढे दिवस तिचं दार अंधारात होतं आणि तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. बिबट्या पलीकडच्या डोंगराला गेला असं लोक सांगत होते, पण नात अजून लुगडं सोडत नव्हती. दानियलने पेटी आत कोपऱ्यात ठेवली, बल्बची वायर जोडली. संपली की वर आणून भरून देईन म्हणाला.

रमीबाई बाजूला उकिडवी बसून त्याचे हात बघत होती. "तुझा दिवा चांगला होता रे," ती म्हणाली. "लिडियाला फार काळजी त्या दिव्याची. त्या शेवटच्या महिन्यात दर सोमवारी मी दूध घेऊन यायची तर विचारायची, काकी, काल दिवा मधे विझला का? जरासा तरी? मी म्हणायची, नाही गं पोरी, एकदाही नाही. मला वाटे, बरं वाटेल तिला."

दानियलच्या हातातला पान्हा थांबला.

"ती काय म्हणायची?"

"हसायची. म्हणायची, विसरतो तो. पण आत्ता नको सांगायला, शिडीवर चढतोय, डोक्यात ठेवेल. नाताळ होऊ दे, मग बोलते त्याच्याशी." रमीबाईने पदराने डोळे पुसले. "काय बोलायचं होतं ते मला नाही कळलं."

दानियलने राहिलेला नट कसला. नातीने बटण दाबलं, दिवा लागला, भिंतीवर तिघांच्या सावल्या पडल्या. तो तिथेच, पेटीला हात लावून बसला. रमीबाईने चहा ठेवला. उघड्या दारातून वरच्या घराचा ओटा दिसत होता, आणि ओट्यावर ठेवलेली दुसरी पेटी.

"ती दुसरी कोणासाठी केलीस?" रमीबाईने विचारलं.

"लिडियाची आहे," दानियल म्हणाला. "तिने मागितली होती. मी नाही म्हणालो."